वरचं बोलणं

त्या उन्हाळ्यात विहिरींचे तळ उघडे पडले आणि विहिरी उपसणाऱ्या एका घराला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. पाणी आटलं की लोकांना विहीर आठवते. भरलेली असताना तिच्या पोटात किती गाळ साठलाय ते कोण बघतो? रोज सकाळी कोणी ना कोणी दारात उभा असायचा. आधी माझी घ्या, माझी जनावरं तहानलीत, माझी बाग वाळून चालली. थोरला भाऊ सगळ्यांना "हो, हो" म्हणायचा. दर ठरवायचा, तारीख द्यायचा आणि दिलेली तारीख विसरून दुसऱ्यालाही तीच द्यायचा. बोलणं थोरल्याकडे होतं. खाली उतरून गाळ काढणं धाकट्याकडे.

धाकट्याला सगळे घुम्या म्हणत. घरच्यांनी ठेवलेलं नाव निराळं होतं, पण ते आता फक्त आईच्या तोंडात उरलं होतं. अंगाने दणकट, खांदे दारात मावणार नाहीत असे, आणि मान कायम खाली. चारचौघांत उभा राहिला तर दुसऱ्या कोणाच्या जागेवर चुकून उभा राहिल्यासारखा दिसायचा. कोणी काही विचारलं की आधी थोरल्याकडे बघायचा, मग जमिनीकडे, आणि तोवर विचारणारा कंटाळून निघून गेलेला असायचा. मनात मात्र उत्तर तयार असायचं. ते बरोबर आहे की नाही हे तपासण्यातच त्याचा वेळ जायचा.

विहिरीच्या तळाशी हा त्रास नव्हता. तिथे त्याच्याकडे बघायला कोणी नव्हतं. गुडघाभर गार चिखल, हातात फावडं, डोक्यावर आभाळाचा गोल तुकडा. बादली भरायची, दोराला हिसका द्यायचा, ती हलत हलत वर जायची. वर रहाटावर थोरला आणि भोंगा असायचे. भोंगा हा घुम्याचा लहानपणापासूनचा मित्र. त्याच्या आवाजामुळे त्याला ते नाव पडलं होतं आणि त्याला त्याचा अभिमानही होता. वहिनी बादल्या रिकाम्या करायची. म्हातारे बाबा काठावर बसून सगळ्यांना सूचना द्यायचे. आयुष्यभर विहिरी खणून त्यांची पाठ गेली होती, जीभ तेवढी शाबूत होती.

आणि त्या सगळ्यांचं बोलणं खाली ऐकू यायचं. विहीर वरचा शब्द न् शब्द खाली आणून टाकायची. भोंग्याचे विनोद, वहिनीचं करवादणं, बाबांच्या जुन्या गोष्टी. घुम्या फावडं मारता मारता ऐकायचा, मधूनच हसायचा, मनातल्या मनात उत्तरंही द्यायचा. तोंड न उघडता माणसांत बसायची त्याला ठाऊक असलेली हीच एक जागा होती. म्हणून तो जेवायलाही वर यायचा नाही. त्याचा डबा बादलीतून खाली सोडायचे. लोक बघत असले की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्या दिवशीची विहीर एका मळेवाल्याची होती. वरचं निम्मं अंग दगडी बांधकामाचं, खाली मुरूम. सकाळी इंजिन लावून पाणी उपसलं आणि घुम्या उतरायला लागला तेव्हा बाबांनी बजावलं, "त्या समोरच्या अंगाला जाऊ नकोस. बांधकाम फुगलंय तिथलं. ऐकलंस का?"

घुम्याने मान हलवली.

"तोंडाने बोल की! मान हलवलेली मला खाली कशी दिसणार?"

तो अजून वरच होता, पण हे बाबांना कोण सांगणार. मळेवाला शेजारीच उभा होता. त्याने घुम्याकडे नीट निरखून बघितलं, जनावर विकत घेताना बघतात तसं, आणि बाबांना काहीतरी विचारलं. घुम्याने दोर धरला आणि भराभर खाली उतरला.

दुपार झाली. इंजिन तापलं म्हणून बंद केलं. ऊन थेट तळापर्यंत आलं आणि चिखलातून वाफ निघायला लागली. डबा खाली आला. सावली एकाच जागी होती, त्या फुगलेल्या बांधकामाखाली. दोन घास खाण्यापुरतं बसायला काय होतंय, असं म्हणून घुम्या तिथे टेकला आणि त्याने डबा उघडला.

आधी मूठभर माती गळली. त्याने वर बघितलं, तोवर दगड आले. अंग मागे घेता आलं, पाय घेता आला नाही. उजवा पाय गुडघ्यापासून खाली दगडात गाडला गेला. कळ थेट मस्तकात गेली आणि डोळ्यांपुढे काळोख आला.

"काय रे?" वरून थोरल्याचा आवाज आला. "काय पडलं?"

"काही नाही," घुम्या म्हणाला.

हे दोन शब्द त्याच्या तोंडात कायम तयार असायचे. ताप असला तरी काही नाही, भूक असली तरी काही नाही. विचार करायच्या आधीच ते बाहेर पडले. मग त्याने विचार केला. बाबांनी बजावलं होतं आणि आपण तिथेच बसलो. आता बाबा मळेवाल्यासमोर चार शब्द सुनावणार. नकोच. दगड काय, आपणच काढू.

त्याने वरचे दगड काढलेही. पण तळाचा एक मोठा, आडवा रुतलेला, हलेना. बसल्या जागेवरून त्याला जोरच लावता येईना. पहार समोरच्या भिंतीला टेकवलेली होती. त्याने फावडं पुढे करून ती ओढायचा प्रयत्न केला. पहार आडवी पडली आणि चिखलात आणखी लांब गेली.

आणि झरे वाहत होते. इंजिन बंद ठेवलं की या विहिरीत दुपारभरात छातीएवढं पाणी चढतं, असं मळेवाल्यानेच सांगितलं होतं. ते उभ्या माणसाच्या छातीचं माप होतं. घुम्या बसलेला होता. जेवण झालं की वरचे सगळे ऊन उतरेपर्यंत डुलकी काढायचे, हा रोजचा नेम होता. म्हणजे हाक मारायची तर ते जागे आहेत तोवरच. घुम्याने घसा साफ केला.

तेवढ्यात वरून बाबांचा आवाज आला. रोज सगळे झाडाखाली जेवत, आज झाड लांब पडतं म्हणून कठड्यालाच टेकले होते.

"मळेवाला विचारत होता, गडी मुका आहे का म्हणून."

"मग? तुम्ही काय सांगितलंत?" थोरल्याने विचारलं.

"काय सांगणार? म्हटलं, माझा मुलगा आहे."

भोंगा फिस्सकन हसला.

"अहो, हळू," वहिनी म्हणाली. "खाली ऐकू जाईल."

भोंग्याने कठड्यावरून डोकं आत घातलं. "घुम्याऽऽ! जागा आहेस का रे?"

तळाशी फुगलेल्या भागाची सावली होती. भोंग्याला तो दिसला नाही. घुम्याने तोंड उघडलं. पण आता 'जागा आहे' म्हटलं की आपण ते मुक्याचं ऐकलं हे सगळ्यांना कळणार. बाबा ओशाळतील. हा विषय निघून जाऊ दे, दुसरा निघाला की लगेच हाक मारू, असं त्याने ठरवलं आणि तोंड मिटलं.

"झोपला," भोंग्याने जाहीर केलं.

विषय काही निघून गेला नाही.

"विहिरीत उतरायला भीती वाटत नाही," बाबा म्हणाले, "आणि दुकानदाराची वाटते! देवाने हात दिले आणि तोंड द्यायचं विसरला. मी डोळे मिटल्यावर याचं कसं व्हायचं?"

"मी आहे ना," थोरला म्हणाला. "माझं ताट आहे तोवर त्याचं ताट आहे. सख्खा भाऊ आहे, टाकून थोडाच देणार? आयुष्यभर पोसायचा म्हणजे पोसायचा."

हे तो मोठ्या मायेने म्हणाला. घुम्यालाही त्यात चूक काही सापडेना. दिवसभर चिखलात राबतो तो आणि पोसतो दादा, ही गोष्ट त्यानेही कधीच मान्य करून टाकली होती. पाणी कमरेपर्यंत आलं होतं. डबा तरंगत तरंगत समोरच्या भिंतीला जाऊन टेकला.

"तुम्ही साधे म्हणता, मला नाही तसं वाटत," वहिनीचा आवाज. "भाऊजी आतल्या गाठीचे आहेत. लग्न होऊन आल्यापासून माझ्या हातचं जेवतात. एकदा तरी चांगलं म्हणाले? बरं, वाईटही नाही. ताटात बघून जेवतात आणि उठतात. मी नकोशीच आहे त्यांना."

घुम्याने तळाशी नकाराची मान हलवली. वहिनीच्या हाताला चव होती. आईच्या हाताला नव्हती. पण हे बोलायचं कसं? आई शेजारीच बसलेली असायची.

मग भोंग्याने नक्कल सुरू केली. घुम्या दोर आणायला दुकानात जातो ती. घुम्या उभा आहे. मागून आलेला पुढे जातो. घुम्या बाजूला सरकतो. आणखी एक येतो, घुम्या त्याला वाट देतो. दुकानदार विचारतो, तुला काय रे? घुम्या म्हणतो, "काही नाही," आणि घरी येतो. भोंग्याने ते 'काही नाही' असं काही म्हटलं की थोरला ठसका लागेपर्यंत हसला, वहिनी हसली, म्हातारासुद्धा खोकत खोकत हसला. नक्कल हुबेहूब होती, हे घुम्यालाही कबूल होतं. आता हसताहेत, आता मध्येच ओरडलो तर हसू तिथेच अडकेल, असंही त्याला वाटलं. पाणी बरगड्यांना लागलं होतं आणि हा माणूस स्वतःच्याच चेष्टेत व्यत्यय कसा आणायचा म्हणून थांबला होता.

हसणं ओसरलं. मग भोंगा वेगळ्याच आवाजात बोलला. हा आवाज घुम्याने फार कमी वेळा ऐकला होता.

"हसतो मी, पण खरं सांगू? माझी बहीण गेली तेव्हा सगळे आले. नुसते ओळखीचे होते तेसुद्धा दोन शब्द बोलून गेले. हा आला, कोपऱ्यात बसला आणि उठून गेला. एक शब्द नाही. मी लोकांना सांगतो हा माझा मित्र आहे म्हणून. तो मला कोण समजतो, मला माहीत नाही. त्याला कोणाचं काही वाटतच नसेल, असं वाटतं कधी कधी."

थोड्या वेळाने बाबांच्या घोरण्याचा आवाज आला.

घुम्या पाण्यात बसून राहिला. त्या दिवशी तो घरापासून भोंग्याच्या दारापर्यंत एकच वाक्य घोकत गेला होता. 'तुझ्या बहिणीने मला कधी घुम्या म्हटलं नाही.' एवढंच. दारात पोचल्यावर ते त्याला फार लहान वाटलं. इथे माणूस गेलंय आणि आपण आपलंच सांगणार? म्हणून तो गप्प बसला होता. आजवर त्याला वाटत होतं, भोंग्याला ते कळलं असेल. मित्राला न बोलता कळतं, असं त्याने धरून ठेवलं होतं. काहीच कळलं नव्हतं. कोणालाच काही कळलं नव्हतं. एवढी वर्षं तो माणसांत बसलोय असं समजत होता, आणि तो एकटाच बसला होता.

पाणी खांद्याला लागलं. त्याने हनुवटी वर केली. वर आता बाकीचे तिघेही झोपेला आले असणार. आपण इथे मेलो तरी ही माणसं रडतील आणि म्हणतील, असाच होता बिचारा, जातानासुद्धा बोलला नाही. भोंगा त्याचीही नक्कल करेल. घुम्याला राग आला. राग कसा येतो ते त्याला नीट ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो आला तेव्हा सगळाच्या सगळा आला.

"दादाऽऽऽ!"

विहीर दणाणली. पारव्यांची एक जोडी कपारीतून फडफडत वर गेली.

"कोण आहे रे?" थोरल्याचा झोपाळू आवाज आला. "कोण ओरडलं?"

"रस्त्यावर बघा," वहिनी म्हणाली.

"रस्त्यावर कोणी नाही," भोंगा म्हणाला. "मळेवाल्याकडे कोणी आलं असेल. आपल्यातला आवाज नाही हा."

घुम्याने हे सगळं ऐकलं. पाय ठणकत होता, पाणी हनुवटीला लागत होतं, पण या एका वाक्याने जे झालं ते निराळंच होतं. क्षणभर त्याला वाटलं, खरंच, आपल्यातला नाहीच हा आवाज. मग तोंडात पाणी गेलं.

"मी आहे!" तो जीव खाऊन ओरडला. "मीच आहे! खाली! पाय अडकलाय माझा!"

वर धावपळ झाली. थोरला दोराने हात सोलवटत सरसर खाली आला आणि पाणी बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "गाढवा! इतकं पाणी होईपर्यंत गप्प बसलास? हाक मारायला काय दातखीळ बसली होती?" शिव्या देत देतच त्याने बुडी मारून पहार शोधली. वर भोंग्याने इंजिनाला दोर मारला. पहिल्यांदा ते पेटलं नाही, दुसऱ्यांदा पेटलं. थोरल्याने पहार दगडाखाली घातली आणि छाती लावून रेटली. दगड जेमतेम हलला.

"कधी पडले हे?"

"तुम्ही जेवायला बसलात तेव्हा."

थोरल्याचे हात पहारेवर थांबले. त्याने घुम्याकडे बघितलं. मग वर, विहिरीच्या तोंडाकडे बघितलं, आणि परत घुम्याकडे बघायची त्याची छाती होईना.

"म्हणजे तू..."

"पहार जरा डावीकडून लाव," घुम्या म्हणाला.

बादलीच्या दोराला बांधून त्याला वर काढला. पायाची सालटं निघाली होती, घोटा कोहळ्याएवढा सुजला होता, पण हाड शाबूत होतं. आरडाओरडा ऐकून मळेवाला धावत आला होता. तो म्हणाला, "अरेच्चा! हा तर बोलतो की! मला घरात ऐकू आलं." कोणी हसलं नाही. बाबा काठी शोधत होते, ती त्यांच्या हातातच होती.

संध्याकाळी आईने पाय शेकला. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "यांना काय ठाऊक तुझा आवाज? जन्मलास तेव्हा सगळी आळी जागी केली होतीस." घुम्याला हसू आलं. घरात तेवढं एकच हसू होतं.

जेवायला बसले तेव्हा वहिनीने त्याच्या ताटात वाढलं आणि ती लगेच मागे सरली. घुम्याने पहिला घास घेतला. आज बोलायचंच असं त्याने ठरवलं होतं. त्याने वर बघितलं, चांगलं तिच्या तोंडाकडे बघितलं.

"छान झालंय, वहिनी."

वहिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिचे डोळे भरून आले आणि ती आत निघून गेली. आतून तिचं मुसमुसणं ऐकू आलं. "असं टोचून बोलायची काय गरज होती? चुकलं माझं, म्हणते ना मी..."

"टोमणा नव्हता," घुम्या हळूच म्हणाला.

"राहू दे," थोरला म्हणाला. "जेव तू. ताटात अजून घे..." ताट हा शब्द तोंडातून गेला आणि थोरला मध्येच थांबला. मग कोणी कोणाला काही वाढलं नाही.

भोंगा बरेच दिवस घराकडे फिरकला नाही. आला तो दारातच उभा राहिला. घुम्या लंगडत बाहेर गेला. ते वाक्य त्याने पुन्हा जुळवून ठेवलं होतं.

"तुझ्या बहिणीने मला कधी—"

"सोड रे ते!" भोंगा घाईघाईने म्हणाला. "उन्हाचं काहीतरी बरळलो मी. माझं तोंड तुला माहीत आहे, नुसती बडबड. पाय कसा आहे? सूज उतरली की. वा! ऊन काय पडलंय बघ. यंदा तर कहरच. मळेवाला रोज निरोप पाठवतोय, येणार ना कामावर? ये, ये." असं बोलत बोलतच तो अंगणाबाहेर गेला. घुम्याचं वाक्य पुन्हा तोंडातच राहिलं.

पाय टेकवता यायला लागला तसे ते मळेवाल्याची विहीर पुरी करायला गेले. फुगलेलं बांधकाम आधीच उतरवून घेतलं होतं. घुम्या उतरला. गाळ होता तसाच होता, फावडं तेच, आभाळाचा गोल तोच. पहिली बादली वर गेली, रिकामी होऊन आली. दुसरी गेली, आली.

वरून काहीच येत नव्हतं. रहाटाची करकर, दोराचं घासणं, बास. मध्ये एकदा वहिनी काहीतरी म्हणाली आणि कोणीतरी तिला "शूऽऽ" केलं. दुपारी इंजिन बंद झालं, डबा खाली आला, आणि पावलं दूर गेली. ते लांबच्या झाडाखाली जेवायला बसले होते. घुम्याने डबा उघडला. कान देऊन बसला. झऱ्याचा आवाज तेवढा येत होता. इतक्या वर्षांत विहीर इतकी खोल त्याला कधी वाटली नव्हती. त्याने डबा न खाताच झाकला.

जेवून ते परत आले आणि बादली खाली आली तेव्हा घुम्याने ती भरली नाही. फावडं भिंतीला टेकवलं आणि मान वर केली.

"बोला की काहीतरी!" तो ओरडला.

रहाट थांबला. कठड्यावर एकेक डोकं आलं. दादा, वहिनी, भोंगा, शेवटी बाबा.

"काय बोलू?" थोरल्याने विचारलं.

"काहीही. पूर्वी बोलायचात तसं."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. भोंग्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला असं गप्प झालेलं कोणी कधी बघितलं नव्हतं. घुम्याने या खेपेला मान खाली घातली नाही.

"माझ्याबद्दल बोललात तरी चालेल," तो म्हणाला.

बाबांनी डोळे पुसल्यासारखं केलं आणि डोकं मागे घेतलं. मग वहिनीने घेतलं, मग बाकीच्यांनी. आभाळाचा गोल पुन्हा रिकामा झाला. घुम्या बराच वेळ तसाच ऐकत उभा राहिला. मग त्याने फावडं उचललं, बादली भरली आणि दोराला हिसका दिला.